वर्गात न फुटणारा आवाज : निवडक मूकतेच्या निदानाचा इतिहास

घरात आईवडिलांशी आणि भावंडांशी मोकळेपणाने, प्रसंगी भांडून बोलणारे एखादे मूल शाळेत पाऊल ठेवताच अबोल होते आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, शिक्षकांशी किंवा वर्गमित्रांशी एक शब्दही बोलत नाही. त्याला नीट ऐकू येते, सांगितलेले समजते, वहीत उत्तरे बरोबर लिहिता येतात, तरी हजेरीच्या वेळी नाव पुकारले गेले की त्याचा चेहरा गोठतो आणि ओठ हलत नाहीत. या अवस्थेला आजचे मानसोपचारशास्त्र ‘सिलेक्टिव्ह म्यूटिझम’ असे म्हणते आणि मराठीत तिला निवडक मूकता असे म्हणता येते. मूल ठरावीक ठिकाणी, ठरावीक माणसांसमोरच मूक होते, एवढाच येथे ‘निवडक’चा अर्थ आहे. ही निवड ते स्वतः करते असा त्याचा अर्थ नाही, आणि नेमका हाच मुद्दा मान्य व्हायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली. या काळात मुलाच्या मौनाचा दोष आधी त्याच्या इच्छाशक्तीला, मग त्याच्या आईला आणि अखेरीस भीतीला दिला गेला. मात्र या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, मुलांना बोलते करण्याची रीत आधी बदलली आणि तिचे शास्त्रीय स्पष्टीकरण मागाहून आले.

परक्यांसमोर न बोलणारी मुले सर्व काळी आणि सर्व समाजांत असली पाहिजेत. परंतु बुजरेपणाला आजाराचे रूप येण्यासाठी एका विशिष्ट संस्थेची गरज होती, आणि ती संस्था म्हणजे सक्तीची शाळा. शेतावर, घरच्या कामात किंवा वडिलांच्या धंद्यात हाताशी राहणाऱ्या मुलाने परक्या माणसाशी बोललेच पाहिजे अशी अपेक्षा फारशी नसे, आणि असलीच तर घरातील दुसरे कोणी त्याच्या वतीने बोलून वेळ निभावून नेई. महाराष्ट्रातील जुन्या पंतोजींच्या शाळेतही पाढे आणि परवचा एका सुरात, मोठ्याने म्हणण्याची पद्धत होती. त्या कोलाहलात एखाद्याचे ओठ नुसतेच हलत आहेत हे पंतोजींच्या ध्यानात येणे कठीण होते. छडी मात्र तेथेही होती, त्यामुळे त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात शिक्षण सक्तीचे होत गेले; इंग्लंडमध्ये 1880 मध्ये आणि फ्रान्समध्ये 1882 मध्ये तसे कायदे झाले. त्याच 1882 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली, ती पुढे बडोदे आणि कोल्हापूर संस्थानांत अंशतः प्रत्यक्षात आली. नव्या शाळेत प्रत्येक मुलाला वयानुसार वर्गात बसवले जाई, एकेकट्याला उभे करून प्रश्न विचारला जाई आणि तोंडी उत्तरावरून त्याची बुद्धी जोखली जाई. सर्वांना शाळेत आणणारी ही व्यवस्था न्याय्यच होती, पण न बोलणारे मूल तिच्यामुळेच प्रथम उठून दिसू लागले.

या मौनाचे पहिले वैद्यकीय नामकरण जर्मन वैद्य अडोल्फ कुसमाउल यांनी 1877 मध्ये भाषेच्या विकारांवरील आपल्या ग्रंथात केले. मधुमेहाच्या गंभीर अवस्थेतील खोल श्वसनाला आजही ज्यांचे नाव आहे तेच हे कुसमाउल. मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली असता वाचा जाते याचा शोध घेण्याची त्या काळी चढाओढ लागली होती; पॉल ब्रोका यांचे निरीक्षण 1861 मधले आणि कार्ल वेर्निके यांचे 1874 मधले. मेंदूला इजा झाल्याने बोलण्याची वा बोललेले समजण्याची शक्ती नष्ट होणे म्हणजे वाचाघात. या चौकटीत कुसमाउल यांना अशी माणसे आढळली की ज्यांच्या मेंदूत काही बिघाड दिसत नव्हता, बोलण्याची क्षमता शाबूत होती, तरी ती काही प्रसंगी बोलत नव्हती. त्यांनी या अवस्थेला ‘अफेझिया व्होलंटारिया’, म्हणजे ऐच्छिक वाचाघात, असे नाव दिले. त्यामागचा तर्क सरळ होता, की बोलता येते आणि तरी माणूस बोलत नाही, त्या अर्थी त्याला बोलायचेच नाही. शरीराच्या बिघाडाखेरीज दुसरे कारण केवळ इच्छा हेच असू शकते, हे गृहीतक त्या तर्काच्या मुळाशी होते आणि ते तपासून पाहण्याचे साधन त्या वेळच्या वैद्यकाकडे नव्हते. त्यामुळे कुसमाउल यांना फार दोष देता येत नाही. दोष द्यायचा तर नंतरच्या शतकभरात ते गृहीतक तसेच पुढे चालवणाऱ्यांना द्यावा लागेल.

स्विस बालमनोविकारतज्ज्ञ मोरित्स ट्रामर यांनी 1934 मध्ये ‘इलेक्टिव्ह म्यूटिझम’, म्हणजे ऐच्छिक मूकता, ही संज्ञा रूढ केली, तीही खास मुलांच्या संदर्भात आणि त्यांनी स्वतःच त्या वर्षी सुरू केलेल्या बालमनोविकारविषयक नियतकालिकातून. मुलांच्या मनोविकारांसाठी स्वतंत्र नियतकालिक ही त्या काळी नवी गोष्ट होती. मुलाच्या वागण्यातील अडचणींचा विचार शिक्षा किंवा धर्मोपदेश यांच्या पलीकडे जाऊन, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून करावा, अशी बालमार्गदर्शन केंद्रांची चळवळ दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकेत आणि युरोपात वाढत होती. तिचे लोण मुंबईतही लवकर पोहोचले आणि 1936 मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, 1937 मध्ये भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. ट्रामर यांच्या संज्ञेने मुलांच्या या मौनाला प्रौढांच्या वाचाघातापासून वेगळे काढले, ही मोठी गोष्ट झाली. पण इच्छेचा आरोप तिच्यातही कायम राहिला, आणि जे मूल ‘बोलायचे नाही’ असे ठरवून बसले आहे त्याचा हट्ट मोडला पाहिजे, हा निष्कर्ष शिक्षकांनी आणि पालकांनी त्यावरून काढला तर त्यात नवल नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मनोविश्लेषणाचा प्रभाव वाढला तसा आरोपीच्या पिंजऱ्यात मुलाच्या शेजारी आईही उभी राहिली. मनोविश्लेषण म्हणजे वरवरच्या लक्षणामागे दडपलेला मानसिक संघर्ष शोधणारी उपचारपद्धती. या दृष्टीने पाहता मुलाचे मौन म्हणजे आईवरचे अतिअवलंबन, कुटुंबातील एखादे गुपित किंवा दडपलेला राग असे अर्थ लावले गेले. अमेरिकेत टोरी हेडन यांनी 1980 मध्ये अशा मुलांचे चार प्रकार मांडले; त्यांतील पहिला प्रकार मुलाला घट्ट धरून ठेवणाऱ्या पालकाशी असलेल्या अतिजवळिकीचा होता आणि आणखी एक मौनाचे शस्त्र करणाऱ्या मुलांचा, मात्र बोलण्याचीच भीती असलेल्या मुलांना त्यांनी स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली, हेही नमूद केले पाहिजे. आईची जवळीक हे कारण की परिणाम, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला गेला नाही. जे मूल दुकानदाराशी, डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी बोलूच शकत नाही, त्याची आई त्याच्या वतीने बोलणारच आणि त्याच्या आसपास राहणारच. तिला त्यावाचून गत्यंतर नसते. मूल कुठल्या तरी आघाताने मुके झाले असावे, ही समजूतही याच काळात पक्की झाली. आघातानंतर येणारी मूकता असते, परंतु ती बहुधा अचानक येते आणि घरातही दिसते, त्यामुळे ती वेगळी गणली पाहिजे, हा भेद पुढील अभ्यासकांनी स्पष्ट केला.

या मौनाचे जे चित्र जनमानसात ठसले ते मात्र सर्वसामान्य मुलांवरून नव्हे, तर एका टोकाच्या उदाहरणावरून. वेल्समध्ये वाढलेल्या, कॅरिबियन कुटुंबातील जून आणि जेनिफर गिबन्स या जुळ्या बहिणी एकमेकींशी बोलत, इतरांशी जवळजवळ नाही. शाळेत त्यांना वर्णद्वेषी छळ सोसावा लागला, त्यांना परस्परांपासून तोडण्याच्या प्रयत्नानेही त्यांचे मौन सुटले नाही, आणि जाळपोळ व चोरीच्या गुन्ह्यांनंतर 1982 मध्ये त्यांना ब्रॉडमूर या कडेकोट बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले, तेथे त्या अकरा वर्षे राहिल्या. मार्जोरी वॉलेस यांच्या 1986 मधील पुस्तकाने ही कहाणी जगभर नेली. त्या बहिणींवर झालेल्या अन्यायाची ती नोंद मोलाची आहे. परंतु न बोलणारे मूल म्हणजे गूढ, कदाचित धोकादायक मूल, अशी जी छाया त्या कहाणीने सोडली ती वर्गातल्या मागच्या बाकावर गप्प बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीला मुळीच लागू पडत नाही.

खरा बदल तोवर दुसरीकडे, बराच अबोलपणे, सुरू झालेला होता. मनाच्या तळाशी काय आहे याची चर्चा बाजूला ठेवून वागणूक पायरीपायरीने बदलणाऱ्या वर्तनोपचाराच्या अभ्यासकांनी 1960 च्या दशकात अशी मुले हाताळायला घेतली. अमेरिकेतील एका गटाने 1967 मध्ये एका मुलीवरील सलग, ‘मॅरेथॉन’ उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच ‘निवडक मूक’ असा शब्दप्रयोग केला, म्हणजे अधिकृत नाव बदलण्याच्या सत्तावीस वर्षे आधी. या उपचारकांनी ‘हे मूल का बोलत नाही’ हा प्रश्न सोडून ‘हे मूल कोणाशी, कोठे आणि किती मोठ्या आवाजात बोलते’ हा प्रश्न धरला, आणि उत्तर मिळेल तेथून वाट काढली. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे काम करणाऱ्या, मूळच्या प्रागच्या समाजकार्यकर्त्या ॲलिस स्लकिन यांनी 1970 च्या दशकात हीच वाट शाळेच्या वर्गापर्यंत नेली. त्या डॉक्टर नव्हत्या, घरी जाणाऱ्या आणि शाळेत बसणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, आणि बहुधा म्हणूनच घरातले बोलके मूल आणि शाळेतले मुके मूल ही दोन्ही रूपे त्यांच्यासमोर एकत्र आली. त्यांच्या पुढाकाराने 1992 मध्ये तेथे ‘स्मायरा’ ही पालकांना आणि शिक्षकांना मदत करणारी संस्था उभी राहिली.

या पद्धतीचा गाभा असलेली क्रिया जवळून पाहण्याजोगी आहे. उद्दीपक हळूहळू बदलत जाण्याची ही रीत ‘स्लायडिंग-इन’, म्हणजे आत सरकत येणे, या नावाने ओळखली जाते आणि मॅगी जॉन्सन व ॲलिसन विंटजेन्स या ब्रिटिश वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांच्या 2001 मधील मार्गदर्शक ग्रंथाने ती सर्वत्र पोहोचवली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई आणि मूल दोघेच बसतात आणि एक ते वीस अंक आळीपाळीने म्हणतात, म्हणजे आई ‘एक’, मूल ‘दोन’ असे. अंक किंवा आठवड्याचे वार आधी घेतात, कारण त्यांत मुलाला स्वतःचे काही सुचवावे लागत नाही, चुकण्याची धास्तीही कमी असते. मुलाला पुढचे सारे आधीच सांगितलेले असते, फसवणूक अजिबात नसते. आवाज स्थिर झाला की शिक्षिका दाराबाहेर उभी राहते. पुढल्या फेरीत दार किलकिले होते, मग ती दारात येते, मग पाठमोरी खोलीत, मग टेबलाजवळ, आणि शेवटी आई-मूल-शिक्षिका अशी तिघांत अंकांची फेरी सुरू होते. आवाज खालावला तर शिक्षिका एक पाऊल मागे जाते. बैठक थोड्याच मिनिटांची, पण आठवड्यातून अनेकदा होते. पुढे आई याच चालीने हळूहळू बाहेर सरकते आणि तिच्या जागी एखादा वर्गमित्र येतो. यात कोठेही आमिष वा दटावणी मध्यवर्ती नाही. भीतीच्या वस्तूची सवय लहान मात्रेत करून देणे, एवढेच तत्त्व आहे, म्हणजेच भीतीचे निदान अधिकृतपणे मान्य होण्याआधी उपचार भीतीवरचाच चालू होता.

मोजणीनेही जुन्या समजुतींना धक्का दिला. बर्मिंगहॅममधील, 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत न बोलणारी पाच वर्षांची मुले बरीच असतात, पण वर्ष उलटेपर्यंत त्यांतील बहुतेक सर्व बोलू लागतात. त्याच वर्षी टोरांटोतील अभ्यासकांनी स्थलांतरित कुटुंबांतील अशा मुलांकडे लक्ष वेधले. म्हणून आजच्या निकषांत मौन किमान एक महिना टिकलेले असावे, शाळेचा पहिला महिना त्यात धरू नये आणि त्या ठिकाणची भाषा येत नाही हे मौनाचे कारण नसावे, अशा अटी आहेत. न्यूकॅसलच्या इझरेल कोल्विन आणि ट्रायन फुंडुडिस यांनी 1981 मध्ये 24 मुलांच्या अभ्यासातून याची दुसरी बाजू दाखवली : मौन एकदा मुरले की ते सहज जात नाही, आणि काही वर्षांनी पाहिले असता निम्म्याहून कमी मुलांतच सुधारणा आढळली. लॉस एंजेलिस येथील 2002 मधील पाहणीत सुरुवातीच्या इयत्तांतील मुलांत हे प्रमाण 0.71 टक्के निघाले. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत सुमारे सात मुले.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ही अवस्था 1980 मध्ये ‘ऐच्छिक मूकता’ म्हणून आली तेव्हा निकषातच बोलण्यास ‘नकार’ हा शब्द होता. अमेरिकेत 1991 मध्ये पालकांनी स्थापन केलेल्या संघटनेने आणि संशोधकांनी या शब्दाविरुद्ध आवाज उठवला. ब्रूस ब्लॅक आणि थॉमस युडी यांनी 1992 मध्ये, हा सामाजिक भीतीचाच, म्हणजे लोक आपल्याकडे पाहतील आणि आपली पारख करतील या धास्तीचाच, प्रकार असावा असे मांडले. त्यांच्या 1995 मधील 30 मुलांच्या अभ्यासात जवळजवळ प्रत्येक मुलात अशी धास्ती आढळली. निदानपुस्तिकेच्या 1994 च्या आवृत्तीत नाव ‘निवडक मूकता’ झाले आणि ‘नकारा’च्या जागी ‘बोलू न शकणे’ या अर्थाचा शब्द आला. 2013 च्या आवृत्तीत तिची गणना थेट चिंताविकारांत, म्हणजे अवाजवी भीती आणि काळजी हे मुख्य लक्षण असलेल्या विकारांत, झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात मात्र जुनेच नाव टिकून राहिले आणि ते 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणातच बदलले. नवे नावही निर्दोष नाही, पण जुन्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

भीतीने सारे काही उलगडते असे मात्र नाही. नॉर्वेच्या हान्ने क्रिस्टेन्सेन यांनी 2000 मध्ये 54 मुले तपासली तेव्हा 74.1 टक्क्यांत चिंताविकार होता, पण 68.5 टक्क्यांत भाषा, हालचाली किंवा वाढीच्या टप्प्यांतील काही विलंबही होता. बोबडे उच्चार किंवा वाक्यरचनेतील अडखळणे असलेल्या मुलाला बोलण्याची धास्ती वाटावी यात गूढ काही नाही, आणि अशा मुलाची वाचा-तपासणी न करता नुसती भीती घालवत बसणे अपुरे ठरते. ही तपासणी शाळेत करता येत नसेल तर घरी ध्वनिमुद्रित केलेल्या बोलण्यावरून करता येते.

नॉर्वेतच बेआटे ओर्बेक आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 3 ते 9 वर्षांच्या 24 मुलांवर चिठ्ठी टाकून गट पाडलेली, म्हणजे यादृच्छिक, चाचणी केली. एका गटाला घरी व शाळेत तीन महिने मदत मिळाली, दुसरा गट थांबून राहिला, आणि पहिल्या गटात स्पष्ट सुधारणा दिसली. त्यांनी वापरलेल्या रीतीत मोठ्यांनी मुलाच्या समोर न बसता शेजारी बसायचे, त्याच्या चेहऱ्याकडे नव्हे तर दोघांच्या हातातील खेळाकडे पाहायचे, थेट प्रश्न न विचारता स्वतःशी बोलल्यासारखे बोलायचे, उत्तरासाठी भरपूर वेळ द्यायचा, आणि शब्द फुटला तर टाळ्या न वाजवता संभाषण पुढे न्यायचे, अशा साध्या सूचना होत्या. शेवटची सूचना आपल्याकडे सर्वांत जड जाते, कारण मुलाने पहिला शब्द उच्चारताच सारा वर्ग आणि सारा शिक्षकवर्ग त्याचे कौतुक करायला धावतो, आणि ज्या नजरांची त्याला भीती वाटते त्याच सगळ्या त्याच्यावर खिळतात.

महाराष्ट्रात या इतिहासाचे धडे विशेषतः दोन ठिकाणी लागू पडतात. घरात मराठी, अहिराणी किंवा गोरमाटी बोलणारे मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात गप्प असेल तर आधी ते नव्या भाषेला सरावण्याच्या काळात आहे का हे पाहावे लागते. घरच्या भाषेतही ते शाळेच्या आवारात बोलत नसेल, तरच निवडक मूकतेचा संशय घ्यावा. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हीच कसोटी लावावी लागते. दुसरे ठिकाण तोंडी परीक्षेचे आहे : ज्याला उत्तर येते पण बोलता येत नाही, त्याला लिहून, बोट दाखवून किंवा घरी ध्वनिमुद्रित करून उत्तर देण्याची मुभा देणे हे लाड नव्हेत, कारण परीक्षा उत्तराची आहे, धैर्याची नव्हे.

ओर्बेक यांच्या गटाने ही उपचारपद्धती मिळालेल्या एकूण 30 मुलांना पाच वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा 21 मुले पूर्ण बरी झालेली होती, आणि ज्यांचे उपचार लहान वयात सुरू झाले होते त्यांची प्रगती अधिक चांगली होती. ‘मोठे झाले की आपोआप बोलेल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला बर्मिंगहॅमच्या मुलांपैकी बहुतेकांच्या बाबतीत खरा ठरला असता, पण जे मूल जूनमध्ये शाळेत आले आणि दिवाळीच्या सुटीनंतरही वर्गात एक शब्द बोललेले नाही, त्याच्याविषयी पालकांनी आणि वर्गशिक्षकांनी पुढच्या इयत्तेची वाट न पाहता बालमानसतज्ज्ञाचा आणि वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.